रणजीच्या गालावरचे ठिपके

गेल्या दिवाळीत लंडनहून पुण्याला येताना मी काकांसाठी दोन चित्रं आणली. एक मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचं, दुसरं क्रिकेटपटू रणजीचं. दोन्ही ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या जुन्या साप्ताहिकातली म्हणून घेतलेली. 25 पौंडांचा टेंपल अस्सल निघाला. 380 पौंडांचा रणजी नकली. हे कसं झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंचे बाजार हिंडणाऱ्या आपल्या लोकांना रणजीचं चित्र हमखास दाखवलं जातं.

टॉमस गिब्सन बोल्स यांनी 1868 साली हे साप्ताहिक सुरू केलं. जानेवारी 1869 मध्ये त्यात ब्रिटिश राजकारणी डिझरायलीचं रंगीत व्यंगचित्र आलं, पुढच्याच आठवड्यात त्यांचे प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टन यांचं, आणि मग 1914 मध्ये साप्ताहिक बंद होईपर्यंत दोन हजारांहून जास्त माणसं त्यात येऊन गेली: मंत्री, उमराव, न्यायाधीश, सेनापती, क्रिकेटपटू. सुरुवातीची चित्रं कार्लो पेलेग्रिनी यांची, ते पुढे ‘एप’ या नावाने सही करत. 1873 पासून लेस्ली वॉर्ड आले, त्यांची सही ‘स्पाय’. पेलेग्रिनींची रेघ जास्त बोचरी, वॉर्ड हळूहळू सौम्य होत गेले. मला स्वतःला पेलेग्रिनी जास्त आवडतात. सोबत ‘जेहू ज्युनियर’ या टोपणनावाने त्या माणसावर खुसखुशीत मजकूर असे. आपल्याकडचेही काही लोक त्यात आहेत: महाराजा दुलीपसिंग, हैदराबादचे सालारजंग, मंचरजी भावनगरी, आणि 1897 च्या ऑगस्टमध्ये रणजी.

टेंपल हवा होता तो काकांच्या अभ्यासासाठी. काका निवृत्त शिक्षक. 1876 ते 1878 च्या दुष्काळावर त्यांनी वर्षानुवर्षं कागद जमवलेत. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, ही ‘टेंपल वेज’ म्हणजे टेंपल मजुरी ज्याच्या नावावर आहे तो हा माणूस. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरीतल्या या कपातीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली होती. हाच टेंपल 1877 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. 1881 च्या जानेवारीत त्याचं चित्र आलं, खाली लिहिलंय ‘बडा बहादूर’. काका एकदा फोनवर म्हणाले होते, “त्याचा चेहरा त्याच्याच लोकांनी कसा काढला ते बघायचंय.”

जुन्या वस्तूंच्या बाजारातला तो विक्रेता वयस्कर, अतिशय सभ्य. टेंपल त्याने स्वतः प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून माझ्या हातात दिला. तळाशी छापखान्याचं नाव दाखवलं, व्हिन्सेंट ब्रूक्स, डे अँड सन. वर साप्ताहिकाचं नाव आणि तारीख. मागची बाजू कोरी. मजकुराचं पान वेगळं, सोबत जोडलेलं. “अस्सल असं ओळखायचं,” असं त्यानेच मला शिकवलं, आणि जे शिकवलं ते सगळं खरं होतं. मग टेबलाखालून रणजी काढला. फ्रेममध्ये, काचेआड, मागून तपकिरी कागदाने बंद. तळाशी पेन्सिलीने ‘स्पाय’. वॉर्डने स्वतःच्या हाताने सही केलेली प्रत, म्हणाला. फ्रेम उघडली तर जुना कागद फाटेल, किंमत उतरेल. 450 पौंड, पण कार्डाचं मशीन बंद आहे, रोख दिलेत तर 380. वर सोनेरी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र.

मी दिले. ज्याने आत्ताच खऱ्याखोट्याची पारख शिकवली, तो पुढच्या क्षणी खोटं देईल अशी शंकाच आली नाही. त्याच्या धंद्याची खुबी हीच असावी. अस्सल टेंपल त्याने 25 पौंडांना उगीच विकला नव्हता, रणजी विकायला तोच त्याचा साक्षीदार होता.

काकांनी दोन्ही चित्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मोडी कागदांसाठी वापरतात ते भिंग काढलं. टेंपलच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबले. मग रणजीवर आले आणि लगेच मान वर केली. “हे बघ.”

टेंपलच्या गालावर रंगाचे कण विखुरलेले होते, लहानमोठे, एकमेकांवर चढलेले, चिमटीतून रांगोळी सोडावी तसे. रणजीच्या गालावर ठिपके रांगेत होते. निळा, गुलाबी, पिवळा, काळा, सारख्या अंतरावर, मध्येच इवल्या फुलासारखी वर्तुळं. काका उठले, देवघरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी घेऊन आले आणि भिंग तिच्यावर धरलं. तिच्या साडीवर टेंपलच्या गालासारखेच विस्कळीत कण. “मळवलीचा छापखाना काय आणि लंडनचा काय, दोन्ही शिळाछाप. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. ठिपके हाताने पाडलेले, ते असे कवायतीला उभे राहत नाहीत. हा तुझा रणजी आजच्या मशीनवरचा आहे.”

मी ब्लेडने मागचा कागद कापला. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलल्यावर दिसलं, चित्राचा पिवळटपणा माउंटच्या कडेपाशी सरळ रेघेत संपत होता. त्याखाली कागद पांढराशुभ्र. जेवढं दिसणार तेवढ्यावरच चहाचं पाणी फिरवलेलं. कागद पुठ्ठ्याला चिकटवला होता. ओल्या फडक्याने हळूहळू सोडवला तर मागे पृष्ठक्रमांक आणि दुसऱ्याच कुठल्या चित्राची अर्धी ओळ. कुठल्यातरी पुस्तकातून कापलेलं पान होतं ते. मोजपट्टी लावली तर उंची 11 इंच. टेंपलचा कागद 14 इंचांच्या वर भरला. बाजारात माउंटच्या खिडक्या सारख्या होत्या, म्हणून हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

काका मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

परत गेल्यावर पावती काढून वाचली. तिच्यावर फक्त ‘रणजी, फ्रेमसह’. साल नाही, साप्ताहिकाचं नाव नाही. प्रमाणपत्रावर ना नाव ना पत्ता. फोन नंबर बंद. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याने वर्णनाबाहेरचा माल दिला तर 30 दिवसांत तो परत करून पूर्ण पैसे मागता येतात, पण वर्णन कागदावर नसेल तर बोलायचं कशाच्या जोरावर? वस्तूची किंमत 100 पौंडांच्या वर असेल आणि पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर कार्ड कंपनीकडेही दावा करता येतो. मी रोख दिले होते. मशीन खरंच बंद होतं का, हे आता मला विचारावंसंही वाटत नाही.

म्हणून कळकळीने सांगते. पेन्सिलीच्या सहीला भुलू नका. वॉर्डची सही चित्रातच छापलेली असते, खालच्या पेन्सिलीला कुणाची साक्ष आहे ते विचारा. फ्रेम उघडू देत नसेल तर घेऊ नका. भिंग पाचशे रुपयांच्या आत मिळतं, ते पिशवीत असू द्या. पावतीवर साप्ताहिकाचं नाव, तारीख आणि ‘मूळ छपाई’ हे शब्द विक्रेत्याच्या हाताने लिहून घ्या. तो लिहायला कांकू करू लागला, तर तिथेच ठेवून निघा.

टेंपल आता काकांच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावलाय. मजकुराचं पान त्यांनी मराठीत उतरवायला घेतलंय.