शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइडमुळे वाढणारी वेदना: केटामीन की नसांचा ब्लॉक?

शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल किंवा रेमिफेंटानिलसारखी ओपिऑइड (अफूच्या वर्गातील) वेदनाशामके मोठ्या मात्रेत दिली गेली, तर काही रुग्णांची मज्जासंस्था वेदनेला उलट अधिक संवेदनशील होते. मग औषध वाढवावे तसे दुखणे वाढते, जखमेपलीकडे पसरते आणि चादर लागली तरी झोंबते. शरीराला औषधाची केवळ सवय झालेली असेल, तर मात्रा वाढवून आराम पडतो. इथे पडत नाही.

मुंबईत भूलतज्ज्ञांची भेट बहुधा ‘फिटनेस’ मिळवण्यापुरतीच होते, पण पर्यायांची चर्चा करण्याची जागा तीच आहे. कमी मात्रेतील केटामीन हे भुलीचे औषध या संवेदनशीलतेला चालना देणारे, चेतापेशींवरील एनएमडीए नावाचे ग्राहक (रिसेप्टर) रोखते. पूर्ण भुलीसाठी शिरेतून वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलीग्रॅम केटामीन लागते, इथे त्याहून पुष्कळ कमी पुरते. तरीही विचित्र स्वप्ने, भास किंवा गरगरणे संभवते. ब्लॉकमध्ये नसांभोवती स्थानिक भुलीचे औषध सोडतात, त्यामुळे ओपिऑइडची गरजच घटते, म्हणजे मूळ कारणावरच घाव बसतो. मात्र मांडीतील नसेचा ब्लॉक दिल्यास पाय काही तास लुळा राहतो. परळ-गिरगावच्या लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने, विशेषतः त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर, हे आधीच विचारून घ्यावे.

माझ्या मते, गुडघा, खांदा किंवा हर्नियासाठी ब्लॉक शक्य असेल तर त्यालाच प्राधान्य द्यावे, आणि मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत किंवा रुग्ण कित्येक महिने ट्रामाडॉल (हेही ओपिऑइडच) घेत असल्यास केटामीनचा आग्रहाने विचार व्हावा. पॅरासिटामॉल दोन्हींच्या जोडीला चालते. डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचे औषधही उपयोगी आहे, पण त्याने नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो.

स्त्री-पुरुष भेदाचे काय? २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासात, नसेला इजा झाल्यानंतरची संवेदनशीलता नरांमध्ये मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींवर अवलंबून आढळली, माद्यांमध्ये नाही. परंतु तो प्रश्न इजेचा होता, ओपिऑइडचा नव्हे, त्यामुळे त्यावरून माणसाचे औषध ठरवता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत व्यवहारातला मुद्दा वेगळा आहे: भुलीनंतर मळमळ-उलटीचा धोका त्यांना अधिक असतो आणि ओपिऑइडने तो आणखी वाढतो, म्हणून ब्लॉकचे पारडे त्यांच्यासाठी थोडे अधिक जड होते. वॉर्डात ‘बाई जरा नाजूक आहेत’ म्हणून तक्रार बाजूला सारली जाते, तशीच ‘पुरुषमाणूस आहे, सोसेल’ म्हणूनही. दोन्ही वेळा चादर झोंबल्याची खूण नजरेतून सुटते आणि ओपिऑइडची पुढची मात्रा चढते.