डबल कॅब, सिंगल कॅब की मागे ओढायचं घर? आधी भुईकाट्यावर चला

नाशकात ‘कॅम्पर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महिंद्राची डबल कॅब, म्हणजे सीटच्या दोन रांगांची, बोलेरो येते, साइटवर मजूर आणि मागे सिमेंटच्या गोण्या नेणारी. इथे बोलायचंय ते दुसऱ्या कॅम्परबद्दल, पिकअपच्या हौद्यात बसवायच्या झोपायच्या-स्वयंपाकाच्या डब्याबद्दल. अंबडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत असा डबा बनवून मागणारे बरेच जण येऊन गेले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न बेड किती रुंद होईल हाच होता. वजनाचं कुणी विचारत नाही.

माझ्या साडूंनीही विचारलं नाही. त्यांनी डबा बाहेरूनच करून घेतला, ऐटदार डबल कॅबवर चढवला आणि दाखवायला आणला. मागची बाजू खाली बसलेली, हेडलाइट आभाळाकडे. मी म्हटलं, चला, भुईकाट्यावर लावू, अख्खी गाडी तोलतात त्या.

काट्याची गोष्ट थोड्या वेळाने. आधी डब्याचा हिशोब बघा, कारण तो कुठल्याही गाडीला तोच राहतो. दोन एमएम जाडीचा चाळीस बाय चाळीसचा चौकोनी पाइप मीटरला जवळपास 2.4 किलो भरतो. फ्रेमला साठ मीटर लागला की 145 किलो. 12 एमएम प्लायची आठ बाय चारची शीट साधारण 23 किलोची, अशा आठ शीट म्हणजे 185. बेड, ड्रॉवर, ओटा मिळून 80. घरातली असते तशी 150 एएचची इन्व्हर्टर बॅटरी 55. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. भरलेला घरगुती सिलिंडर 30. झाले 595, आणि अजून एक माणूस गाडीत बसलेला नाही.

आता आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, असतं. दोन्हींची वजाबाकी केली की तुमच्या हातात किती किलो उरतात ते कळतं. माणसं, पाणी, कॅनोपी (हौद्यावरचं टोपण), मागून लावलेलं गार्ड, सगळं त्यातच बसवायचं. हौशी डबल कॅब पिकअपना ही वजाबाकी अर्ध्या टनाच्या आसपास किंवा त्याच्याही आत येते. आपल्या ओळखीच्या बोलेरो कॅम्परला एक टन मिळतो. सिंगल कॅब बोलेरो पिकअप 1.3 ते 1.7 टनांची येते आणि टाटाची योद्धा 2.0 तर दोन टनांची. शोरूममध्ये डबल कॅब जास्त दणकट वाटते, कागदावर मात्र चित्र उलटं आहे.

पण नुसतं एकूण वजन बघून भागत नाही. साडूंची गाडी रिकामी असतानाची काट्याची पावती होती: पुढचा अ‍ॅक्सल 1150, मागचा 870, एकूण 2020. आरसीवर मर्यादा 2520. डबा चढवल्यावर आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. चालकाला दर वेळी खाली उतरवलं. पावतीवर पुढे 1060, मागे 1560, एकूण 2620 आलं. माणसं न बसवताच शंभर किलो वर. साडूंनी पावती उलटसुलट करून बघितली. "साडूभाऊ, काटा चुकतोय. सहाशे किलो टाकल्यावर पुढचं वजन नव्वदने कमी कसं होईल?"

काटा बरोबर होता. डबल कॅबचा हौदा जेमतेम पाच फुटांचा, आणि त्याचा बराचसा भाग मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लोंबतो. डब्याचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या मागे पंचेचाळीस सेंटीमीटर पडला होता. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटर धरा. म्हणजे 600 गुणिले 0.45 भागिले 3, उत्तर 90. पोरं सी-सॉवर बसतात तसं मागचं टोक दाबलं गेलं आणि पुढचं उचललं गेलं. स्टीअरिंग हलकं लागतं म्हणून साडू खूश होते. ते हलकं यासाठीच लागत होतं की पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी झाली होती, आणि ब्रेकचं जास्त काम पुढचीच चाकं करतात.

तोच सहाशेचा डबा सिंगल कॅबच्या लांब हौद्यात पुढे सरकवून बसवला आणि गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या पुढे चाळीस सेंटीमीटर आला, तर पुढच्या अ‍ॅक्सलवर 80 आणि मागच्यावर 520 किलो वाढतात. डबा तोच, वजन तेच, फरक फक्त बसवण्याच्या जागेचा. त्यामुळे डबल कॅबवर पूर्ण डबा टाकायला मी आता सरळ नाही म्हणतो.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, "पाटे वाढवून घेऊ." पाटा म्हणजे मागच्या स्प्रिंगची पट्टी. ती वाढवली की गाडी मागून खाली बसत नाही, एवढंच. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक जुनेच राहतात, आरसीवरचा आकडाही तोच. शिवाय बऱ्याच पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली आहे यावरून तो मागच्या ब्रेकला प्रेशर सोडतो. पाटे टाकून गाडी उचलली आणि व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमी देतो आणि आपण नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाऊन भरल्या गाडीने घाट उतरत असतो.

दुसरं उत्तर, "लासलगावचे कांदेवाले दुप्पट भरून नेतात की!" नेतात. पण कांद्याची गोणी हौद्याच्या तळाशी असते आणि सिंगल कॅबच्या लांब हौद्यात पसरते. आपला डबा कॅबच्या वर डोकं काढून उभा, त्यावर सोलर पॅनल आणि कुणाकुणाचा एसीसुद्धा. चांदवडकडच्या मोकळ्या माळावर आडवं वारं लागलं की उंच डबा चालकाला स्टीअरिंगवर जाणवतो. आणि दुप्पट भरणाऱ्यांच्या गाड्या राहूड घाटात कडेला का उभ्या असतात तेही बघितलंय आपण.

मग घ्यायचं काय?

नवरा-बायको दोघंच फिरणार असाल तर माझं मत सिंगल कॅब आणि हलका डबा. हलका म्हणजे लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियम, लेड बॅटरीऐवजी लिथियम, शंभरऐवजी चाळीस लिटर पाणी आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर. एवढ्यानेच दोनशेच्या आसपास किलो वाचतात. पाण्याची टाकी तळाशी आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे घ्या, आतून आडोसे घालून, नाहीतर अर्धी टाकी वळणावर डुचमळते. स्टेपनी आणि सायकली मागच्या दाराला टांगू नका. अ‍ॅक्सलच्या मागे दीड मीटरवर टांगलेले 60 किलो पुढच्या अ‍ॅक्सलवरचे 30 काढून घेतात. सिंगल कॅबची खोड म्हणजे रिकामी असताना ती उडते, सीट ताठ असतात आणि तिसरं माणूस कॅबमध्ये अवघडतं. डब्यात मात्र चालत्या गाडीत कुणालाही बसवायचं नाही.

मुलं धरून चौघं असाल तर डबल कॅब घ्या, पण डबा विसरा. फायबरची कॅनोपी, हौद्यात एक-दोन पेट्या, रात्री तंबू. चार माणसांचेच अडीचशे-पावणेतीनशे किलो होतात, उरलेल्या दोनशेत स्वयंपाकघर बसत नाही. भंडारदऱ्याला शनिवार-रविवार काढायला एवढं पुरतं. टपावरचा तंबू घेणार असाल तर चालत्या गाडीत टपावर किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तकात आधी बघा.

मागे ओढायचं कॅराव्हॅन हा तिसरा पर्याय. गाडीच्या हौद्यावर भार कमी येतो हे खरं, पण हुकवर वजन पडतंच. हजार किलोच्या ट्रेलरचं नाक शंभर किलोच्या आसपास दाबलं पाहिजे. त्याहून फार हलकं असेल तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो. त्याला स्वतःचे ब्रेक हवेत, स्वतंत्र नोंदणी हवी. आणि त्र्यंबकच्या गल्लीत रिव्हर्स घेऊन दाखवा, मग बोलू. सोसायटीत दोन गाड्यांची जागा असेल तरच याचा विचार करा.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे कंपनीने दिलेल्या रचनेत मनासारखा बदल करता येत नाही, त्यामुळे कायमचा डबा बसवण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून या, नंतर नाही. ओव्हरलोडला 2019 च्या दुरुस्तीपासून वीस हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. अपघात झाला तर विमा कंपनी वजनाचा मुद्दा काढू शकते.

टायरच्या कडेवरचा भाराचा आकडाही (लोड इंडेक्स) वाचून ठेवा. 110 लिहिलं असेल तर एक टायर 1060 किलो पेलतो, 112 असेल तर 1120, तेही हवा पूर्ण असताना. मागच्या अ‍ॅक्सलची पावती दोन टायरच्या बेरजेच्या जवळ जायला लागली की मी तिथेच थांबतो.

साडूंनी अखेर डबा उतरवला. तो आता दिंडोरीजवळच्या त्यांच्या द्राक्षबागेत सिमेंटच्या चार ब्लॉकवर बसवलाय. माल तयार झाला की राखणदार रात्री त्यात झोपतो. बेड भरपूर रुंद आहे म्हणे.