नर्सरीतून मागवलेली नाशपाती: कलम चांगले, आकाराची समज कमी

नागपूर शहराबाहेरील एका नर्सरीतून मी गेल्या जानेवारीत नाशपातीचे एक कलम मागवले होते. जात पत्थरनाख सांगितली होती, कारण ती पंजाबच्या मैदानी भागातही फळते. युरोपातील बहुतेक जातींना ७ अंशांखालील थंडीचे कित्येकशे तास लागतात आणि आपल्याकडे पारा हिवाळ्यातल्या मोजक्याच रात्री तिथवर उतरतो. त्यामुळे पत्थरनाख असली तरी फळांची मला फारशी आशा नाही. पांढरी फुले दिसली तरी ४५० रुपये वसूल झाले, असे मी समजेन.

माझी अडचण जागेची होती. घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत मातीचा जेमतेम चार फूट रुंद पट्टा आहे. तेथे मोकळे वाढणारे झाड दहा वर्षांत शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाईल. म्हणून तारांवर बांधून, दोन्ही बाजूंना आडव्या फांद्यांचे मजले काढत भिंतीलगत पसरवायचा आकार मी निवडला. थंड देशांत अशा झाडासाठी ऊन साठवणारी दक्षिणेची भिंत शोधतात. नागपुरात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापणारी पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत झाड भाजून काढील, म्हणून येथे सकाळचे ऊन आणि दुपारची सावली देणारी पूर्वच बरी. तारादेखील भिंतीपासून वीतभर पुढे ताणाव्या लागतात.

या आकारासाठी एक वर्षाचे, फांद्या न फुटलेले, सरळ छडीसारखे कलम लागते, कारण ते पहिल्या तारेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड फुटावर छाटून तेथूनच फांद्या फोडायच्या असतात. हे मी नर्सरीच्या मालकांना दोनदा सांगितले होते. प्रत्यक्षात आले ते सात फुटांचे झाड, खाली पाच फूट उघडा बुंधा आणि वर तिहेरी बेचके. उंच बुंध्याचे झाड अंगणाच्या मध्यभागी सावलीसाठी उत्तम, पण नाशपातीचा सारा जोर शेंड्याकडे असतो आणि जुन्या लाकडावर खाली डोळे (नव्या फांदीचे कोंब) फुटतीलच याचा भरवसा नसतो. झाड उतरवणाऱ्या माळीदादांचे उत्तर मात्र मजेशीर होते: “भाऊ, झाड लावायचं आन् भितीले बांधून ठेवायचं, काहून?”

त्यांचेही फारसे चुकले नाही. संत्र्याच्या कलमांत मुरलेल्या या माणसांना खुंट (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात तो) आणि डोळा यांची उत्तम पारख आहे, पण झाडाला आकार देण्याची गरज त्यांना सहसा पडत नाही. खुंट कोणता, या प्रश्नाला त्यांनी लगेच ‘कैंथ’ असे उत्तर दिले. हा रानटी नाशपातीचा खुंट दणकट असतो, पण झाड बुटके ठेवत नाही. म्हणजे आकार आवरण्याचे सगळे काम माझ्या कात्रीवर आले. त्यातही पेरूसारखी सरसकट छाटणी चालत नाही, कारण पेरूला नव्या फुटव्यावर फळ येते, तर नाशपातीला दोन वर्षे आणि त्याहून जुन्या लाकडावरील आखूड काड्यांवर.

मालकांनी झाड परत घेतले, आठ दिवसांत हवे तसे कलम पाठवले, मात्र गाडीभाडे म्हणून २०० रुपये पुन्हा घेतले. चूक त्यांची असताना ते मला खटकले. चिठ्ठीवर नुसते ‘नाशपाती’ लिहिले होते, जातीचे नाव नव्हते, हेही नोंदवतो. याउलट मुळे ओल्या गोणपाटात नीट बांधलेली, एकही सुकलेली नाही, आणि कलमाचा सांधा स्वच्छ जुळलेला होता. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून मी गादीवाफा उंच करून सांधा मातीच्या बराच वर ठेवला.

पाचपैकी तीन तारे देतो. एक चिठ्ठीसाठी आणि एक त्या २०० रुपयांसाठी कापला आहे. छडी छाटल्यावर मार्चमध्ये तीन डोळे फुटले. मधला सरळ वर घेतला, बाजूचे दोन बांबूच्या काड्यांना तिरपे बांधले. पावसाळ्यात उजवी फांदी डावीपेक्षा हातभर पुढे गेली, तेव्हा उजवी खाली वाकवून डावी थोडी वर उचलून बांधली आणि दिवाळीपर्यंत दोन्ही जवळजवळ सारख्या झाल्या. आता त्या पहिल्या तारेवर आडव्या निजल्या आहेत.