सिव्हिलायझेशन ६ : पहिले शंभर टर्न पैसा वसूल

२०१६ साली आलेला फिरॅक्सिसचा हा पाळीपाळीने (टर्न) खेळायचा, साम्राज्य उभारण्याचा गेम आजही घ्यावा का? घ्यावा, पण तो सुरुवातीच्या विस्तारासाठी. पुढचा अर्धा गेम बराच कंटाळवाणा आहे, त्याबद्दल शेवटी. खालचे आकडे स्टँडर्ड स्पीडचे (खेळाच्या नेहमीच्या वेगाचे) आहेत.

पाचव्या भागात शहरांची संख्या वाढली की संशोधन महागायचं. इथे तसं काही नाही, त्यामुळे एकच राजधानी फुगवत बसणारा मागे पडतो. शंभराव्या टर्नपर्यंत आठ-दहा शहरं हवीतच. ब्रेक लागतो तो सेटलरच्या, म्हणजे नवं शहर वसवणाऱ्या पथकाच्या, किमतीचा. पहिला ८० प्रॉडक्शनला (शहराची बांधायची ताकद) पडतो आणि पुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग होत जातो. शिवाय तो बाहेर पडताना शहराची लोकसंख्या १ ने घटते, आणि लोकसंख्या २ झाल्याशिवाय तो बनतच नाही. म्हणून आधी स्काउट (टेहळ्या), मग स्लिंगर (गोफणवाला), तोवर शहर २ वर येतं, की लगेच सेटलर. स्टोनहेंज बांधायचा मोह टाळा. त्याच्या १८० प्रॉडक्शनमध्ये जवळपास दोन शहरं उभी राहतात.

अर्ली एम्पायर हे सिव्हिक (संस्कृतीच्या जोरावर मिळणारा टप्पा) लवकर गाठा. त्यातून कॉलनायझेशन हे धोरणाचं कार्ड मिळतं, म्हणजे सेटलरवर ५०% जास्त प्रॉडक्शन. या सिव्हिकचं इन्स्पिरेशन (ते लवकर पुरं करून देणारी सूट) मिळायला साम्राज्याची एकूण लोकसंख्या ६ लागते, आणि गोची इथेच होते. सेटलर बनला की एक माणूस कमी होतो, शहर वसलं की तो परत मोजला जातो. चांगली जागा शोधत सेटलर दहा टर्न भटकवला तर इन्स्पिरेशनही तेवढंच लांबतं. कार्ड आलं की जंगलतोड राखून ठेवा आणि सेटलर बनत असतानाच बिल्डरकडून झाडं तोडा. बोनस झाडं तोडून मिळणाऱ्या प्रॉडक्शनलाही लागतो.

जागा निवडताना पाणी आधी बघा. नदी किंवा तळ्याकाठी ५ हाउसिंग (माणसं राहायची जागा), समुद्रकाठी ३, कोरड्यात फक्त २. हाउसिंगमध्ये एकच जागा उरली की वाढीचा वेग निम्मा होतो, म्हणजे कोरडं शहर पहिल्या माणसापासूनच रखडतं. तरी नवा लक्झरी रिसोर्स (लोकांना खूश ठेवणारी चैनीची वस्तू) मिळत असेल तर तेही घ्या, कारण एक लक्झरी चारच शहरांना पुरते. दोन शहरांमध्ये किमान तीन टाइल (नकाशावरची घरं) सुटाव्या लागतात. तेवढ्याच सोडा, त्याहून ऐसपैस वसवण्यात फायदा नाही. वसवल्या वसवल्या डिस्ट्रिक्टची (शहराचा खास विभाग) जागा लावून टाका. किंमत तिथेच गोठते, बांधकाम सावकाश करा.

बहुतेकांचा डाव मात्र रानटी टोळ्या बिघडवतात. त्यांच्या स्काउटने तुमचं शहर पाहिलं की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं. तो तळावर पोचायच्या आत मारला नाही, तर हल्लेखोरांची रांग लागलीच म्हणून समजा. सेटलरसोबत वॉरियर जोडून चालवा, नाहीतर तो आयता पळवला जातो.

विकत घेताना नुसता मूळ गेम घेऊ नका. गव्हर्नर, लॉयल्टी (शहराची तुमच्यावरची निष्ठा) आणि गव्हर्नमेंट प्लाझा हा डिस्ट्रिक्ट त्यात नाहीत. गॅदरिंग स्टॉर्म हे एक्स्पान्शन (जोड-भाग) घेतलं की आधीच्या राइज अँड फॉल एक्स्पान्शनच्या या यंत्रणाही मिळतात, फक्त त्यातले देश आणि नेते मिळत नाहीत (चंद्रगुप्तही त्यातलाच). मॅग्नस या गव्हर्नरला प्रोव्हिजनचं प्रमोशन दिलं की त्याच्या शहरातून सेटलर निघताना लोकसंख्या घटत नाही. प्लाझातला अँसेस्ट्रल हॉल त्या शहरात सेटलरवर आणखी ५०% देतो, वर प्रत्येक नव्या शहराला फुकट बिल्डर. लॉयल्टीचा दाब ९ टाइलपर्यंत पोचतो. शेजाऱ्याच्या मोठ्या शहराला खेटून वसवायचंच असेल तर गव्हर्नर आधीच मोकळा ठेवा, त्याची दर टर्नला ८ लॉयल्टी मिळते.

आता तक्रार. डीटीवर (सगळ्यात अवघड पातळी) कॉम्प्युटर शहाणा होत नाही, तो तीन सेटलर आणि इतर सवलती घेऊन उतरतो, एवढंच. त्यामुळे पहिले पन्नास टर्न घाम फुटतो. एकदा त्याच्या बरोबरीला आलात की निकाल ठरलेला असतो, आणि तरी वीस शहरांत पुढे काय बांधायचं हे विचारत गेम तासन्‌तास चालूच राहतो.