एक मिलिग्रॅमच्या कुपीत एचसीजी किती?

प्रयोगशाळेसाठी घेतलेल्या कुपीचं लेबल झकास होतं: मानवी एचसीजी (गर्भारपणात तयार होणारं हार्मोन), शुद्धता ९५ टक्क्यांवर, १ मिलिग्रॅम. भाव नेहमीच्या निम्म्याहून कमी. सीओएवर (मालासोबतच्या तपासणी प्रमाणपत्रावर) लॉट नंबर, सही, शिक्का, सगळं होतं. नव्हता तो फक्त एक आकडा: आययू (क्रियाशीलता मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिग्रॅम. सगळी मेख तिथेच.

शुद्ध एचसीजीची क्रियाशीलता मिलिग्रॅममागे साधारण १०,००० ते १५,००० आययू असते. या अख्ख्या कुपीत एचसीजीला प्रतिसाद देणाऱ्या, वृषणातल्या लायडिग पेशींवरच्या चाचणीत निघाले जेमतेम ५,०००. वंध्यत्वाच्या उपचारात देतात त्या इंजेक्शनची एक ठरलेली मात्रा नेमकी हीच! म्हणजे प्रथिन फार तर अर्धा मिलिग्रॅम आणि उरलेलं वजन मॅनिटॉलसारख्या भरावाचं. औषध म्हणून ते इंजेक्शन ठीकच असतं. लबाडी आहे ती लेबल बदलून 'रिसर्च ग्रेड' म्हणून विकण्यात.

प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर मॅनिटॉल दिसत नाही. म्हणून लेबलप्रमाणे ५ मायक्रोग्रॅम लोड करा आणि शेजारच्या लेनमध्ये (जेलवरच्या पट्ट्यात) खात्रीचं एचसीजी तेवढंच चालवा. ही शेजारची लेन टाळू नका. एचसीजीसारखी ग्लायकोप्रथिनं (शर्करा जोडलेली प्रथिनं) कूमासी या रंगाने मुळातच फिकी रंगतात. नुसत्या फिक्या बँडवरून (प्रथिनाच्या रेघेवरून) पुरवठादाराशी भांडायला गेलात तर तोंडघशी पडाल. ६६ केडीएला (किलोडाल्टन, रेणूच्या वजनाचं एकक) जाड बँड आला तर अल्ब्युमिन मिसळलंय. पातळ द्रावणात हार्मोन प्लास्टिकला चिकटू नये म्हणून ते आपणही घालतोच, पण मग ते लेबलवर लिहिलेलं हवं.

दुसरी फसवणूक जास्त सफाईदार. ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं बीटा उपएकक (एचसीजीच्या अल्फा आणि बीटा या दोन भागांपैकी एक) 'एचसीजी' म्हणून खपवतात. बीटावर बेतलेल्या एलायझात (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत) आकडा छान येतो, पेशी मात्र ढिम्म. अल्फा नाही, शर्करासाखळ्याही नाहीत, तर पेशीवरचा रिसेप्टर जागा होणार कसा? अशा बीटाचा बँड रेखीव आणि खाली येतो. खऱ्याचा पसरट, वर.

मूत्रातून काढलेल्या मालात ईजीएफसारखे वाढघटकही (पेशींची वाढ चेतवणारी प्रथिनं) येतात. १९९०च्या दशकात कच्च्या एचसीजीने कापोसी सार्कोमा या कर्करोगाच्या पेशी मरताना दिसल्या. तो परिणाम हार्मोनचा नव्हे, सोबतच्या भेसळीचा असल्याचं पुढे दिसून आलं. म्हणून उकळून हार्मोन निकामी केलेल्या नमुन्याचा तुलनेसाठी कंट्रोल ठेवाच. मात्र एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) उकळूनही टिकतं, त्यासाठी एलएएल चाचणी वेगळी करावी लागते.

पीओमध्येच (खरेदी आदेशातच) लिहा: स्रोत (मूत्र की रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक घालून पेशीत बनवलेलं, आणि कुठल्या पेशीत), भरावासह वजन आणि निव्वळ प्रथिन वेगवेगळं, आययू कुठल्या आंतरराष्ट्रीय मानकाशी ताडले ते. लॉट नंबर थेट उत्पादकाला ईमेल करून पडताळा, विक्रेत्याने दिलेल्या फोनवर नको. एक कुपी न उघडता उणे २० अंश सेल्सिअसला राखून ठेवा आणि शेवटचा हप्ता जेल व पेशी-चाचणी होईपर्यंत सोडू नका. पूर्ण पैसे आगाऊ मागणारा याला सहसा तयार होत नाही, आणि तिथेच ऑर्डर रद्द करायला हरकत नसते.