राइस कुकर, इलेक्ट्रिक प्रेशर कुकर की इंडक्शन: दुरुस्तीच्या बाजूने तुलना

भात तिन्हींवर चांगला होतो. खरा फरक दिसतो तो वॉरंटी संपल्यावर, एखाद्या सकाळी बटण दाबूनही काही होत नाही तेव्हा. म्हणून इथे तुलना केली आहे ती बिघाडांची: काय बिघडतं, तो भाग सुटा मिळतो का आणि तो बसवणारा माणूस तुमच्या गावात आहे का.

एका खटक्याच्या साध्या राइस कुकरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. एक हीटिंग प्लेट, तिच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेला चुंबकी थर्मोस्टॅट, एक थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानापलीकडे वीज तोडणारा) आणि वायर. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान 100 अंशांच्या आसपास राहतं. पाणी आटलं की ते वर चढतं, 103 अंशांच्या सुमारास चुंबकाची पकड सुटते आणि खटका ‘वॉर्म’वर पडतो. भात कच्चा असतानाच खटका पडत असेल तर आधी भांडं उचलून पाहा. प्लेटला चिकटलेलं भाताचं एक वाळकं शीतही भांडं तिरकं बसवायला पुरतं, मग प्लेट उगाच तापते आणि थर्मोस्टॅट फसतो. शीत खरवडून काढा, भांड्याचं बूड कोरडं पुसा, भांडं ठेवल्यावर डावी-उजवीकडे थोडं फिरवून नीट बसवा. मधली गोल टोपी बोटाने दाबून सोडली की झटकन वर यायला हवी. पोचा आलेलं भांडं मात्र बदलावंच लागतं. नुसता व्यास जुळून भागत नाही, बुडाचा उतारही प्लेटशी जुळायला हवा, तेव्हा त्याच मॉडेलचं भांडं घ्या.

कुकर पूर्ण मेला असेल आणि वायर ठीक असेल, तर बहुतेकदा थर्मल फ्यूज गेलेला असतो. हा भाग पन्नास रुपयांच्या आत मिळतो. नवा घेताना जुन्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर तेच असल्याची खात्री करा. तो सोल्डर करायचा नसतो, कारण डागाच्या उष्णतेनेच उडतो, म्हणून पक्कडीने क्रिंप करतात, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबून जोडतात. काही कारागीर फ्यूज काढून वायर थेट जोडून देतात आणि ‘आता कधीच जाणार नाही’ म्हणतात. अशी दुरुस्ती घेऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर आग थांबवणारा तेवढाच एक भाग असतो.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर डाळ, राजमा, छोले शिजवतो. साध्या राइस कुकरकडून तुरीची डाळ नीट शिजत नाही आणि फेस उतू जातो तो वेगळाच. पण गॅसवरच्या कुकरपेक्षा याचा दाब बहुधा कमी असतो, शिवाय दाब धरायला दहा-पंधरा मिनिटं आणि उतरायला तेवढीच जातात. वेळ वाचेल म्हणून घेत असाल तर निराश व्हाल. शिट्ट्या मोजत उभं राहावं लागत नाही, हाच याचा खरा फायदा. कडेने वाफ जात असेल तर झाकणाची सिलिकॉन रिंग खोबणीतून निसटलेली किंवा ताणलेली असते. ती वर्ष-दीड वर्षात बदलावी लागते, कारण मसाल्याचा वास तिच्यात मुरतोच. ‘बर्न’ दिसलं तर बहुधा फोडणीचा मसाला बुडाला चिकटलेला असतो किंवा पाणी कमी पडलेलं असतं. 6 लिटरच्या कुकरला साधारण दीड कप पाणी तरी हवं, आणि डाळ-तांदूळ फुगतात म्हणून भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही.

दुखणं आहे ते कंट्रोल बोर्डाचं. बोर्ड त्या-त्या मॉडेलचाच लागतो, मॉडेल बंद झालं की मिळणं अवघड, आणि मिळाला तरी किंमत ऐकून नवाच कुकर घ्यावासा वाटतो. घाईत आतलं भांडं न ठेवताच तांदूळ-पाणी ओतणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो. पाणी आत गेलं की वॉरंटीही गेली समजा.

इंडक्शनमध्ये जातो तो बहुधा आयजीबीटी, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, आणि त्याच्यासोबत फ्यूज. नुसता फ्यूज बदलला तर तो पुन्हा उडतो. पंख्याच्या जाळीतून शिरलेली झुरळं हे बोर्ड शॉर्ट होण्याचं आपल्याकडचं हमखास कारण. पण टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा कारागीरही हे काम करतो, ही मोठी जमेची बाजू. 2000 वॅटच्या शेगडीला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो, बाकी दोघांना 6 अँपिअरचा चालतो.

लाइट जाणाऱ्या गावात साधा राइस कुकर सरस. त्याचा खटका यांत्रिक असल्याने खालीच राहतो आणि लाइट आली की काम पुढे सुरू होतं. बोर्डवाली अनेक मॉडेलं सगळं विसरून बसतात. व्होल्टेज 180 वर उतरलं तर 700 वॅटचा कुकर जेमतेम 430 वॅटने तापतो. भात उशिरा होतो, पण होतो. इंडक्शन अशा वेळी एरर दाखवून बंद पडू शकते.

आमचा कल असा: दोघा-तिघांचं घर, गॅस आहे, तर साधा राइस कुकर. हॉस्टेल किंवा भाड्याची खोली असेल तर इंडक्शन आणि तिच्यावर चालणारा स्टीलचा कुकर. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घ्यायचा तो सर्व्हिस सेंटर शहरातच असेल तेव्हा. अमेरिकेहून कोणी आणून देत असेल तर नको म्हणा; तो 120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 वर थेट लावला की जळतो, आणि 1000 वॅटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर कुकरइतकाच जड पडतो.

घेण्याआधी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करून तुमचा पिन कोड सांगा. माणूस घरी येतो की कुकर नेऊन द्यायचा, आणि रिंग, आतलं भांडं व बोर्ड यांची किंमत काय, ते विचारा. वॉरंटी कार्डावर मोठ्या अक्षरात ‘5 वर्षं’ असेल तर ती अनेकदा फक्त प्लेटची असते. भांड्याचं कोटिंग आणि रबरी भाग सहसा वगळलेले असतात.

बिघाड झाला की तक्रार क्रमांक घ्या, नुसत्या ‘माणूस पाठवतो’वर विसंबू नका. कुकर सेंटरला देताना जॉब शीटवर सीरियल नंबर आणि ‘भांडं, झाकण, वायर जमा’ असं लिहून घ्या, कारण परत येताना हमखास वायर गायब असते. पैसे देऊन भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या. कंपनी टाळाटाळ करू लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर बिलासह तक्रार नोंदवा. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत 2 वर्षांची आहे.