विमा तिकिटासोबतचा की एजंटकडचा?

परदेशी जाताना विमा घ्यायचा का, हे आता कुणी विचारत नाही. जर्मनीसारख्या युरोपातल्या देशांना लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला तर किमान 30,000 युरोंचं कव्हर लागतंच. विचारतात ते एवढंच, की विमानाचं तिकीट काढताना टिक करून मिळतो तो घ्यावा, की इथल्या, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एजंटकडचा? थायलंडला जाताना मी पहिला घेतला, लेकीकडे जर्मनीला जाताना दुसरा. दोन्ही वेळा तो वापरायची वेळ आली, हे आमचं नशीब.

कागदावर म्हणाल तर दोन्हीत फारसा फरक नव्हता. तिकिटासोबतचा स्वस्त, आणि दोन मिनिटांत मेलवर हजर.

पट्टायात बोटीतून उतरताना सौ. घसरली आणि मनगट टम्म सुजलं. इथे असतो तर रिक्षा करून सरळ मिरज गाठली असती. तिकडे 1669 ला रुग्णवाहिका मिळते, 1155 वर टुरिस्ट पोलीस इंग्रजीत बोलतात, त्याबद्दल तक्रार नाही. अडलं ते दवाखान्याच्या काउंटरवर. तिथली मुलगी अगदी अदबीने एकच विचारत होती: बिल आम्ही भरू असं विमा कंपनीचं हमीपत्र, नाहीतर डिपॉझिट. पॉलिसीवर नंबर होता 1800 चा. आपल्याकडचे हे टोल फ्री नंबर बाहेरून बहुधा लागतच नाहीत! मी 91 लावून, शून्य लावून, काहीच न लावता फिरवून पाहिला. शेजारी सौ. हात छातीशी धरून बसलेली. शेवटी कार्ड घासलं. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण बिलं, पावत्या, एक्स-रे, पासपोर्टवरचे शिक्के पाठवता पाठवता दिवाळी उलटून गेली.

एजंटकडे हप्ता थोडा जास्त पडला. शिवाय फॉर्म भरताना बीपी, शुगर सगळं खोदून विचारलं. “लपवलं तर क्लेम अडतो, काका.” मला तेव्हा रागच आला होता. पण त्याने पॉलिसीतून मुंबईचा साधा, 1800 नसलेला नंबर शोधला आणि +91 सकट आम्हा दोघांच्या मोबाईलमध्ये स्वतः सेव्ह करून दिला.

जर्मनीत माझा मुतखडा उठला. जिवावरचं नसेल तर तिथे 112 ऐवजी 116117 लावतात, ते लेकीने लावलं. दवाखान्यात ठेवून घेतलं, मग मी विम्याचा नंबर फिरवला. दुसऱ्या रिंगला उचलला. सकाळपर्यंत हमीपत्र दवाखान्याच्या मेलवर. खिशातून गेले ते पॉलिसीत आपल्या वाट्याचे म्हणून लिहिलेले 100 डॉलर.

एजंट म्हणजे देवदूत नव्हे, हेही सांगतो. आधी फोन त्यालाच केला होता. तिथे रात्रीचे अकरा, सांगलीत अडीच. त्याने काही उचलला नाही. तेव्हा ऑनलाइन घेणाऱ्यांनी असा नंबर स्वतः शोधून ठेवला तर त्यांचंही भागेल बहुतेक. मला ते पॉलिसी चाळणं जमत नाही. डिसेंबरात सिंगापूरला निघालोय. तिकीट काढताना ती टिक तेवढी काढून टाकली.